पवनचक्कीचा पंचनामा

लातूर,
२८ मे २०१९

श्री. वसंतराव भावजी यांस,
सौदामिनीचा नमस्कार पोचावा, आणि पोचल्यावर परत पाठवू नये.

पाकिटावरचे अक्षर ओळखून तुम्ही ते उजेडासमोर धरले असेल, आणि मग लेकीच्या, राजश्रीच्या, हातात देऊन 'तूच फोड' म्हणाला असाल. हरकत नाही. कोणी गेलेले नाही, कोणाचे लग्न मोडलेले नाही, आणि गावाकडच्या बांधाचा विषय मी काढणार नाही. सहज लिहिते आहे. माझे तुमच्याकडे काहीही काम नाही.

तुमची साखर आता कशी आहे? राजश्री फोनवर 'एकदम ताब्यात' म्हणाली, पण कुणाच्या ताब्यात ते म्हणाली नाही. फेब्रुवारीत सर्वेशच्या लग्नात तुम्ही जिलेबीचे ताट हाताने परत केलेत, चारचौघांना दिसेल असे केलेत, आणि मग मंडपामागे आचाऱ्याजवळ उभे राहून बासुंदीच्या दोन वाट्या घेतल्यात. (मी खांबाआड होते. मुद्दाम नव्हे, खुर्ची तिथेच होती.) माझे गुडघे आहेत तसेच आहेत. डॉक्टर बदला असे सगळे सांगतात, पण लातुरात नवा डॉक्टर म्हणजे इथल्याच एखाद्या शिकवणीतून निघालेला असतो, आणि तो गुडघा दाबू लागला की मला त्याचे बारावीचे मार्क विचारावेसे वाटतात. मागच्याला विचारले. तेव्हापासून तो मला गोळ्या फोनवरच सांगतो.

पत्राला निमित्त झाली सिंधु. आपली जमीन बटईने करायचा त्या ग्यानोबाची मुलगी. आईंच्या अंगणात बकऱ्या घेऊन यायची, नाक वाहत असायचे, तीच. तिला मुखेडला दिली. नवरा आहे, पण असून नसल्यासारखा. ती तिथे अंगणवाडीत खिचडी शिजवते. तिची मुलगी सृष्टी यंदा दहावीला बसली. निकाल अजून यायचा आहे, पण इथल्या शिकवणीवाल्यांना बोर्डाची वाट पाहायला सवड नसते. त्यांनी आपलीच परीक्षा घेतली, पोरीने भौतिकशास्त्रात त्यांच्या मास्तरांचीच एक चूक काढली, आणि त्यांनी दोन वर्षांची फी माफ केली. (चूक काढली म्हणून माफ केली की चूक बाहेर सांगू नये म्हणून, याबद्दल मला शंका आहे.) फी सुटली, पण राहायचे कुठे? शिकवणी पंधरा जूनला सुरू होते. मुखेडहून रोज एस.टी.ने येऊन डॉक्टर होता येत नाही, फक्त कंडक्टरची ओळख होते.

तुम्ही लातूर शेवटचे नीट पाहिलेत त्याला पुष्कळ वर्षे झाली. लग्नाला येता, पण कार्यालयातून थेट गाडीत बसता. त्यामुळे सांगते. भूकंपानंतर इथे घर म्हटले की लोक आधी भिंतीकडे पाहायचे. पाया किती, सळई किती, दगड आहे की वीट. आता घर म्हटले की किती खाटा बसतात तेवढेच पाहतात. ज्या बंगल्याच्या अंगणात माणसे भीतीने दोन वर्षे घरात न जाता राहिली, त्याच बंगल्याच्या गच्चीवर आज पत्रे टाकून सोळा मुले कोंबली आहेत आणि खाली पाटी आहे: 'शांत वातावरण'. चौकात नेत्यांपेक्षा पोरांचे फोटो मोठे आहेत, खाली मार्क. एकाच मुलीचा फोटो मी तीन वेगवेगळ्या शिकवण्यांच्या फलकांवर पाहिला; तिन्हीकडे 'आमची विद्यार्थिनी' लिहिले होते. एका फलकावर तिला चष्मा होता, बाकी दोन्हींवर नव्हता. मी थांबून मार्क ताडून पाहिले. मार्क तेच होते. ती मुलगी एक आणि यश तिघांचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर सृष्टीला खाट. गुरुपादप्पांना तुम्ही ओळखता, डाळमिलवाले. त्यांनी औसा रस्त्यावर मुलींचे वसतिगृह बांधले आहे आणि त्याच्या संस्थेची मी मानद चिटणीस आहे. (मानद म्हणजे चहा मिळतो.) मुंबईची एक कंपनी त्यातल्या चाळीस खाटा पाच वर्षे फुकट चालवायला तयार आहे. यादी झालेली आहे: धर्माबादच्या सात, हिमायतनगरच्या चार, मुखेडच्या पाच, अशा. अठ्ठाविसाव्या नंबरवर सृष्टी. अट एकच: इमारतीला हरित इमारतीचे प्रमाणपत्र पाहिजे, आणि तेही दहा जूनच्या आत. नाही मिळाले तर कंपनी त्याच चाळीस खाटा दुसऱ्या जिल्ह्यात, कुठल्यातरी हिरव्या इमारतीत नेणार. आमची इमारत पिवळी आहे, असे मी पहिल्याच बैठकीत निदर्शनास आणून दिले होते. त्यावर सगळे हसले. माणसे हसली की मला वाटते काहीतरी लपवत आहेत.

हिरवेपणा मिळवून देण्यासाठी आलोक नावाचे सल्लागार नेमले. तिशीतले गृहस्थ, दाढी राखलेली पण कोरलेली, हातात पाण्याची स्टीलची बाटली. प्रत्येक गोष्टीला गुण असतात असे त्यांनी सांगितले. सत्तर गुण मिळाले की पास. पहिले गुण त्यांनी नळांवर मिळवले. पाणी कमी सोडणारे महाग नळ बसवले. भावजी, ज्या गावाला तीन वर्षांपूर्वी रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या गावात नळातून पाणी कमी यावे म्हणून आम्ही जास्त पैसे दिले. महापालिका हे काम कित्येक वर्षे फुकट करते आहे, असे मी म्हणाले, ते टिपणीत घेतले नाही.

गुण अडले ते विजेवर. इमारत वर्षाला छत्तीस हजार युनिट वीज खाणार; तिच्यातली निम्मी, दोन वर्षांची, सूर्याची किंवा वाऱ्याची पाहिजे. गच्चीवर सूर्याला जागा नाही, कारण तिथे टाक्या आहेत, आणि टाक्यांना जागा लागते कारण नळाला पाणी नसते. तेव्हा आलोक म्हणाले, आपण वाऱ्याच्या विजेची प्रमाणपत्रे विकत घेऊ. हजार युनिटांना एक. म्हणजे छत्तीस. (तुमचा-आमचा आकडा. मला तिथेच खटकले.)

तुम्ही जन्मभर विजेच्या खात्यात होता, त्यामुळे ही गंमत तुम्हाला कळेल, किंवा कळली नाही तरी कळली असे दाखवता येईल. वारा कुठेतरी माळावर वाहतो. चक्की फिरते. वीज होते. ती वीज तारेतून जिकडे जायची तिकडे जाते, कुणाच्याही पिठाच्या गिरणीत. आपल्याकडे येते ती नेहमीचीच, कोळशाची, मधूनमधून जाणारी. पण त्या वाऱ्याच्या विजेचा चांगुलपणा तेवढा सुटा करून, कागदावर उतरवून, आपल्याला विकतात.

'आणि चांगुलपणा काढून घेतल्यावर ती वीज कशी राहते?' मी आलोकना विचारले.

'साधी,' ते म्हणाले.

म्हणजे शेजारणीने सोळा सोमवार करायचे, मी इथे बसून भजी खायची, आणि तिने सोमवारचे पुण्य मला शिक्का मारून द्यायचे. ठीक आहे. पण तेच पुण्य तिने तिसरीलाही विकले नाही कशावरून? गुरुपादप्पांना विचारले, तर ते डाळीत हात घालून म्हणाले, 'बाई, वीजच दिसत न्हाई, तर तिचं पुण्य काय दिसणार वो? कागद तुमी बघा. डाळ मी बघतो.' एवढ्या मोठ्या व्यवहारावर त्यांचे एवढेच मत.

मग मी पाहिले. हैदराबादच्या विकणाऱ्या कंपनीला मी अकरा पत्रे लिहिली. कुठली चक्की, कोणत्या दिवशीचा वारा, आणि तो वारा दुसऱ्या कुणाला दिला आहे का. त्यांनी अकराही पत्रांना एकच उत्तर पाठवले, त्यात माझे नाव 'श्री. सौदामिनी' होते. मात्र खाली चक्कीचे ठिकाण दिले होते: बीड जिल्ह्यातला एक माळ, खांब क्रमांक सतरा. झाले. धोंडप्पाची जीप घेतली आणि सकाळी सहाला निघाले. धोंडप्पा वाटेभर विचारत होता की ताई, कुणी वारलं का. मी म्हणाले, वारा पाहायला चाललो आहोत. पुढचे वीस किलोमीटर तो आरशातून माझ्याकडे पाहत होता.

माळावर पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. खांब सतरा खरोखर होता. नुसता उभा होता. पाती तीन, तिन्ही निवांत. खाली एक राखणदार बाज टाकून बसला होता. मी विचारले, हे का फिरत नाही? तो म्हणाला, 'वारं न्हाई ना ताई. वारं आलं की फिरतंय.' कधी येते? 'त्येचं त्येला ठाऊक.' ज्याच्या भरवशावर चाळीस मुलींच्या खाटा, त्याचे कामाचे तास कुणालाच ठाऊक नाहीत. मी डायरी काढली आणि रीतसर पंचनामा सुरू केला. (पंचवीस वर्षांपूर्वी पडलेल्या घरांचे पंचनामे तपासण्यात माझे डोळे गेले. एकच पडलेली भिंत तीन भावांनी तीन वेळा दाखवलेली मी पकडली आहे. तेव्हा वारा म्हणजे काय.) पंच पाच लागतात. राखणदार, धोंडप्पा, दोन मेंढपाळ, आणि मेंढरांमागे आलेली साखराबाई म्हणून एक म्हातारी. तिला मी विचारले, बाई, ही चक्की खरोखर फिरते का, तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे का? ती म्हणाली, 'फिरती की. पर मन आलं तर फिरती. आमच्या मालकावानी.' हे मी शब्दशः लिहून घेतले आणि तिचा अंगठा घेतला.

तेवढ्यात वारा सुटला. पाती कुरकुरली, फिरू लागली, आणि पंचनाम्याचा अर्धा कागद उडून बाभळीत अडकला. धोंडप्पा बाभळीत शिरला आणि रक्तबंबाळ होऊन कागद घेऊन बाहेर आला. म्हणाला, 'ताई, आता लिव्हा, वारं हाय म्हनून. माझ्या अंगावर पुरावा हाय.' लिहिले. पुरवणी पंचनामा, अकरा वाजून पस्तीस. परतीच्या वाटेवर मला प्रथमच जरा बरे वाटले. चक्की आहे, वारा आहे. राहिला एवढाच संशय, की हा वारा दुसऱ्याच्याही फाईलला लावला गेला आहे का. चौकातली ती चष्म्याची पोरगी माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती.

आठवड्याने हैदराबादहून प्रमाणपत्रे आली. छत्तीस जाड कागद, प्रत्येकाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लांबलचक क्रमांक. आलोकनी फाईल लावली: करार, पावती, वर्षाच्या वीजवापराचा हिशेब, संस्थेचे प्रतिज्ञापत्र, आणि माझ्या आग्रहाने परिशिष्ट चौदा, म्हणजे पंचनामा. मग ते म्हणाले, आता शेवटची गोष्ट. ही प्रमाणपत्रे आपल्या इमारतीसाठी वापरली गेली, आता पुन्हा कुणालाही वापरता येणार नाहीत, म्हणजे बाद झाली, याची नोंद लागते. 'तेवढी बाद केल्याची खात्री करून मी पाठवतो,' असे म्हणून ते नळांचे फोटो काढायला वर गेले. मला वर जाता येत नाही, गुडघे. फाईल माझ्या टेबलावर होती.

इथे मला थोडे मागे जावे लागेल. भूकंपानंतर टिनपत्र्यांचे वाटप माझ्या टेबलावरून व्हायचे, हे तुम्हाला माहीत आहे. (फार चांगले माहीत आहे. त्या प्रकरणाचा उल्लेख मी या पत्रात करणार नाही.) घरटी एक चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, चिठ्ठी दाखवली की दहा पत्रे. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आले की माणसे पत्रे गाडीत टाकतात, वळसा घालतात आणि तीच चिठ्ठी घेऊन पुन्हा रांगेत येतात. त्यात खरोखर गरजू किती आणि पत्रे औशाच्या बाजारात विकणारे किती, हे तोंडावरून कळत नव्हते, कारण त्या दिवसांत सगळ्यांचीच तोंडे सारखी झाली होती. शिक्का मारावा तर शाई पावसाने जायची. म्हणून मी पद्धत काढली: पत्रे दिली की क्रमांकाचा कोपरा कात्रीने कापायचा. चिठ्ठी त्यांच्याकडे, कोपरा माझ्याकडे, बिस्किटाच्या डब्यात. कोपरा नाही म्हणजे पत्रे घेतलेली आहेत. साहेबांनी बाकीच्या टेबलांनाही हीच पद्धत लावली. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट आम्हाला सांगायच्या की देव सगळे पाहतो. मला नेहमी वाटायचे, पाहत असेल, पण नोंद कुठे ठेवतो?

तर परीक्षणासाठी फाईल पुण्याला मनस्विनीबाईंकडे गेली. आवाजावरून वय कळत नाही, पण खोकला दाबून बोलतात. त्यांचा फोन आला. आधी विचारले, परिशिष्ट चौदा नक्की काय आहे? मी म्हणाले, चक्की खरी असल्याचा पुरावा. 'आणि या साखराबाई कोण?' पंच. 'त्यांनी मालकांबद्दल जे म्हटले आहे, ते विजेशी संबंधित आहे का?' मी म्हणाले, ते तुम्हाला ठरवायचे आहे. त्यावर त्या बराच वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, पंचनामा राहू द्या, मला आवडला. पण छत्तीसपैकी एकाही प्रमाणपत्रावर क्रमांक दिसत नाही. क्रमांकाशिवाय हे कागद कशाचेही असू शकतात. फाईल परत पाठवते आहे.

भावजी, क्रमांक नाहीत. छत्तीसच्या छत्तीस. हे कसे झाले याची चौकशी चालू आहे आणि ती मी स्वतः करते आहे, त्यामुळे याविषयी आत्ताच बोलणे योग्य नाही. टपालवाल्याला विचारून झाले. गुरुपादप्पांच्या गोदामातल्या उंदरांकडे पाहून झाले. आलोक माझ्याकडे पाहतात आणि बाटलीतले पाणी पितात. हैदराबादवाले दुसरी प्रत द्यायला जुलै उजाडेल म्हणतात. जुलैत आम्ही चाळीस खाटांचे काय करणार? सिंधु परवा मुखेडहून आली, ज्वारीचे पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. सृष्टीची गादी आणि बादलीसुद्धा घेऊन आली. मी म्हणाले, अगं, अजून प्रमाणपत्र यायचे आहे. ती म्हणाली, 'तुमच्या हातात कागद हाय म्हणल्यावर मी काय घोर करू, मावशी? तुमच्या हातून कागद कदी चुकलाय?' आणि गादी माझ्याच माडीच्या जिन्याखाली ठेवून चार वाजताच्या गाडीने गेली. बादलीवर पोरीने रंगाने नाव लिहिले आहे. नावापुढे 'डॉ.' लिहून खोडले आहे. येता-जाता मला ती बादली ओलांडावी लागते.

असो. तुम्हाला या सगळ्याशी काय करायचे आहे? मी सहज लिहिले. उन्हात बाहेर पडू नका. राजश्रीला माझा आशीर्वाद, आणि तिला सांगा की मंगलोरी कौलांवरचे माकड हाकलण्यासाठी तुमची जुनी काठी घ्यावी, मोबाईल फेकू नये. कळावे, लोभ होता तितका असला तरी पुरे.

सौदामिनी

ता. क. लिहायचे राहिले. मनस्विनीबाईंनी एक वाट सुचवली आहे. गेलेले कोपरे मिळाले, आणि एखाद्या परवानाधारक विद्युत अभियंत्याने समक्ष बसून प्रत्येक कोपरा त्याच्या कागदाशी जुळवून, क्रमांक हैदराबादच्या यादीशी ताडून सही केली, तर त्या दहा तारखेच्या आत प्रमाणपत्र देतील. अभियंता स्वतंत्र पाहिजे; संस्थेत कोणाशी त्याचे सख्य नको. लातुरातले सगळे अभियंते वसतिगृहे चालवतात, त्यामुळे बाद. तुमचा परवाना तुम्ही दरवर्षी नवा करता असे राजश्री सांगते (का करता ते तिला माहीत नाही, मलाही नाही). मी बाईंना विचारले, नात्यातला चालेल का? त्या म्हणाल्या, नाते किती जवळचे? मी म्हणाले, सख्खा दीर, पण पंचवीस वर्षे माझ्या घरचे पाणी पीत नाही. त्या म्हणाल्या, मग चालेल. नाते लिहा आणि पाणी पीत नाहीत तेही लिहा. तेव्हा शनिवारी सकाळची गाडी धरून यावे. अहमदपूरला उतरून काही खाऊ नये. प्रतिज्ञापत्राचा मसुदा सोबत आहे: 'माझे व सौ. चिटणीस यांचे संबंध सलोख्याचे नाहीत.' त्यात खाडाखोड करू नये. आणि कृपा करून दहा जूनपर्यंत ते संबंध आहेत तसेच ठेवावेत. तुम्ही पाण्याची बाटली घरून आणा.

ता. क. २. तुम्ही विचारालच, म्हणून. कोपरे माझ्याकडे आहेत. छत्तीसच्या छत्तीस. आलोक नळांचे फोटो काढायला गेले होते आणि फाईल टेबलावर होती, हे मी वर लिहिलेच आहे. बाद करायचे म्हणाले, मी केले. कात्री तीच आहे, अजून छान चालते. ती नोंद संगणकात करायची असते, हे मला कुणी सांगितले नव्हते. (सांगितले होते. मी नळांबद्दल बोलत होते.) सिंधुला हे कळलेले नाही. तुम्ही हसत असाल तर आत्ताच हसून घ्या. शनिवारी बाईंच्या फोनसमोर हसू नये, सख्य दिसेल.

ता. क. ३. हे फाईलला लावायचे नाही. वाचून फाडावे, किंवा निदान कोपरा फाडावा.

नवे कोपरे ठेवायला मी जुना बिस्किटाचा डबा काढला. भूकंपाचे कोपरे त्यातच आहेत, गावागावाच्या पुड्या बांधून. आपल्या गावाची पुडी मी कधी मोजली नव्हती. त्या दिवशी तुम्ही आईंची चिठ्ठी घेऊन आलात, कोपरा नव्हता, तुम्ही म्हणालात बकरीने खाल्ला, आणि मी सत्तर माणसांच्या रांगेसमोर म्हणाले, कोपरा नसलेला कागद म्हणजे कागदच नव्हे, पुढचे या. नवी चिठ्ठी येईपर्यंत आई बावीस दिवस ताडपत्रीखाली राहिल्या. मला त्या कधी काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या होत्या, की ताडपत्रीत वारा चांगला येतो. पुडी मी मोजली नाही, कारण मोजली असती आणि आईंचा कोपरा तिच्यात निघाला नसता, तर बकरी खरी ठरली असती. रोज रांगेतल्या दोनशे माणसांना मी खोटे ठरवत होते. त्यात एक बकरी खरी ठरणे मला परवडणारे नव्हते.

काल मोजली. तीनदा मोजली. आईंच्या क्रमांकाचा कोपरा तिच्यात नाही. मी तो कापलेला नाही.

अकरा जूनपासून माझ्या घरी पाणी आहे, आणि बासुंदीही करता येईल, राजश्रीला न कळवता. मात्र एक सांगते. तुम्ही तेव्हा म्हणाला होता की ती बकरी शेजाऱ्यांची होती. सिंधु परवा गादी ठेवता ठेवता म्हणाली की ती बकरी आपल्याच घरची होती, आणि चिठ्ठी वाळवायला म्हणून तिच्याच खुंट्याजवळच्या दगडावर तुम्ही ठेवली होती. येताना याचा लेखी खुलासा आणावा.

सौ.